मानपानाच्या पिशवीतली भुतं

विहीणबाई,

तुम्ही गेल्यापासून सगळे तुमच्याबद्दल फारच चांगलं बोलताहेत. शिस्तीच्या होत्या, सोज्वळ होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका भेटायला आल्या होत्या, त्यांनी तर तुम्हाला देव्हाऱ्यातच नेऊन बसवलं. मी आपली मान डोलावत होते. त्यांना काय सांगणार, की जयनगरच्या या इंग्रजीच्या बाईंना कवट्या, उघडी थडगी आणि जमिनीतून वर येणारे हिरवे हात बघितल्याशिवाय ऑक्टोबर महिना सोसत नसे? मी कुणाला काही बोलले नाही. तुमची अब्रू अजून शाबूत आहे, काळजी करू नका.

आपली ओळख मुळात चुकीच्या पिशवीनं झाली. प्रसाद आणि गौरीच्या लग्नात मी मुलाची आई. रुसायची पूर्ण तयारी करून मी कार्यालयात आले होते, हे तुम्हाला मी नंतर सांगितलंच. आमच्या राजाजीनगरच्या नात्यागोत्यात विहीण एकदा तरी रुसल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. पण तुम्ही कुठे संधीच देईनात. कॉफी वेळेवर, पाय धुवायला पाणी वेळेवर, पंगतीत पहिलं पान माझं. शेवटी निघताना तुम्ही चिकपेटच्या साड्यांच्या दुकानाची ती पोपटी कापडी पिशवी माझ्या हातात दिलीत, वर नारळ ठेवून, हळदीकुंकू लावून, दोन्ही हातांनी. मानाच्या साड्या. मी ती तशीच मांडीवर घेऊन घरी आले.

घरी जावा, नणंदा गोल करून बसल्या, की दाखव बघू विहिणीनं काय दिलं. मी नारळ बाजूला केला आणि आत हात घातला. हाताला जरीऐवजी जाडाभरडा कागद लागला. बाहेर काढलं तर एक जुनं, पिवळं पडलेलं इंग्रजी चित्रांचं पुस्तक, आणि त्यावर माती फोडून वर आलेला एक हिरवा हात, हातात कात्री. खाली आणखी तसलीच चळत. माझ्या थोरल्या जाऊबाई दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बीगरूंनी भुतं पाठवली." व्याह्यांना आमच्याकडे कानडीतला हा शब्द चालतो, तो त्या दिवशी घरभर घुमला. रुसायला याहून मोठं कारण कुठल्या विहिणीला मिळालं असेल? फोन लावा, जाब विचारा, सुरू झालं. मी पिशवी बंद केली आणि गौरीची शाळेची पुस्तकं चुकून आली असतील, असं सांगून सगळ्यांना उठवलं. मग दुपारी खोलीचं दार लावून घेतलं आणि एकेक पुस्तक उघडून बसले.

मला इंग्रजी येत नव्हतं. शिक्षण कानडी शाळेतलं, मराठी घरातलं, आणि इंग्रजी म्हणजे दुकानांच्या पाट्या. पण चित्रं काय कुणाला वाचून दाखवावी लागतात? एक म्हातारा शिंपी, त्याची कात्री त्याचा भाचा ढापतो, म्हातारा झुरून मरतो. मग भाच्याच्या घरात रोज काहीतरी कापलेलं सापडतं. आधी पडदा, मग कोटाची बाही, मग गादी. शेवटच्या दोन पानांत नुसतीच बोलाबोली होती, चित्रात फक्त एक बंद दार. दाराच्या आत काय झालं ते अक्षरांत लिहिलेलं, आणि अक्षरं मला येईनात. मी इतकी कधी चडफडले नव्हते.

चार दिवसांनी आमच्याकडे बीगर ऊट होतं, दोन्ही घरांचं जेवण. तुम्ही तशीच दुसरी पोपटी पिशवी घेऊन आलात आणि सगळ्यांच्या आधी मला आतल्या खोलीत घेऊन गेलात. एरवी शाळेतलं शुद्ध मराठी बोलणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी घाबरून पार माहेरच्या बेळगावच्या गल्लीत पोचला होता.

"पिशवीची अदलाबदल झाली ओ. घरात पाहुण्यांच्या हाताला लागू नयेत म्हणून ती पुस्तकं मी तसल्याच पिशवीत घालून बरोबर आणलेली. तुम्ही उघडून बघितलासा काय?"

"बघितलं. त्या दाराच्या आत काय झालं ते सांगा आधी."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी थट्टा करत नाही हे तुमच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग तुम्ही पलंगावर बसलात, चष्मा काढून पुसलात आणि पहिल्या पानापासून सगळी गोष्ट मराठीत वाचून दाखवलीत, शिंप्याचा आवाज वेगळा, भाच्याचा वेगळा. बाहेर पानं वाढली होती, पुरणाच्या होळग्या निवत होत्या, पुरुषमंडळी दाराशी येऊन खाकरून जात होती. सगळ्यांना वाटलं आत विहिणींचं मानपानावरून काहीतरी बिनसलंय. आपण बाहेर आलो तेव्हा दोघींचे चेहरे असे होते, की कुणी विचारायला धजावलं नाही.

पुस्तकं तुम्ही परत नेलीत, एक सोडून. ते शिंप्याचं मी ठेवून घेतलं. म्हटलं, राहू दे, चार दिवसांनी देते. तुम्ही म्हणालात, सरी, बरं. ते चार दिवस अजून सरायचे आहेत.

ती पुस्तकं तुमच्याकडे कशी आली, ते मग हळूहळू कळत गेलं. तुमचे वडील बेळगावच्या कॅम्पात शिंपी. साहेब लोकांची बदली झाली की घरातलं नको ते वाटून टाकत, त्यातून वडील तुमच्यासाठी इंग्रजी पुस्तकं मागून आणत. त्यांना स्वतःला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. इंग्रजी आहे ना, मग पोरीनं वाचावं. अशा रीतीनं तुम्ही ए फॉर ॲपलच्या आधी शवपेटीला काय म्हणतात ते शिकलात, आणि त्याच इंग्रजीच्या जोरावर शाळेत लागून पोरींना निबंध शिकवलेत. शिंप्याची गोष्ट वडिलांना फार आवडायची. कुठल्या तरी परमुलखात एका शिंप्यावर कुणीतरी गोष्ट लिहिली, याचंच त्यांना अप्रूप. दर वेळी शेवटी विचारायचे, "मिळाली का त्याला कात्री?" मिळाली म्हटलं की कामाला लागायचे. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईनं तुमचं माहेरचं नाव आहे, त्यातला एक काना ओघळलाय.

आणि नेमकं तेच पुस्तक माझ्याकडे.

प्रसाद-गौरीची अन्वी चालायला लागली, त्या सुमारास आमच्या अपार्टमेंटमध्ये नवी बिऱ्हाडं आली आणि ऑक्टोबरच्या अखेरीला मुलं भुतांचे मुखवटे घालून दारोदार खाऊ मागत हिंडायला लागली. मी पहिल्या वर्षी कपाळाला हात लावला. दिवाळीच्या तोंडावर घरात भुतं कशाला बोलवायची? तुम्हाला मात्र कोण आनंद. तेव्हापासून दसरा झाला की तुम्ही मेट्रोत बसून जयनगरहून यायच्या, पोपटी पिशवी मांडीवर घेऊन, आणि महिनाअखेरपर्यंत मुक्काम ठोकायच्या. वाटेत चिकपेटला उतरायचं, मी इकडून राजाजीनगरहून यायचं, अस्तराची कापडं, फॉलची रिळं घ्यायची, कुठेतरी उभ्यानं कॉफी प्यायची आणि मग दोघींनी घरी यायचं, हा आपला रिवाज झाला. दुकानदार विचारायचा, अक्का, काय देऊ, आणि आपल्या गप्पा चाललेल्या असायच्या, की बुडून मेलेला माणूस वर येताना ओला असतो की कोरडा.

रोज दुपारी एक पुस्तक. जास्त नाही, एकच. गोडाचं जास्त होऊ नये, तसं भीतीचंही, असं तुमचं म्हणणं. अन्वी मोठी झाली तशी तीही मध्ये येऊन बसायला लागली. छपाईत रंग रेघांच्या बाहेर सांडलेले, माणसांचे चेहरे निळे, जांभळे, पाठच्या पानावर जादूच्या चष्म्याची जाहिरात. तो चष्मा मागवायचा का, यावर तुम्ही दोघी गंभीरपणे बोलायच्या. तुम्ही अन्वीला नियम शिकवलात. भूत उगाच येत नाही. कुणीतरी त्याचं काही घेतलेलं असतं, नाहीतर त्याला दुखावलेलं असतं. कारण असल्याशिवाय थडग्यातून उठायचे कष्ट कोण घेईल? आणि मग मधल्या पानावर थांबून तिला विचारायच्या, "याचं काय घेतलंय, सांग." ती बरोबर सांगायची.

आपला वाद मात्र कधी मिटला नाही. तुम्ही काही मानत नव्हता. श्राद्ध नाही, पक्ष नाही, अमावास्या नाही. मी सगळंच मानते. मी म्हणायचे, त्या परमुलखातल्या मेलेल्यांना वर्षातून एकदा पान वाढायला कुणी नाही, म्हणून ते बिचारे उठून येतात. आपले कसे जेवून, तृप्त होऊन गुपचूप परत जातात. तुम्ही म्हणायच्या, "भूत नसतं म्हणून तर वाचायला धीर होतो, विहीणबाई." मी म्हणायचे, असतं म्हणूनच वाचून ठेवावं. एकदा या भांडणात दूध उतू गेलं होतं, आठवतं?

आणि दर वर्षी निघताना तुम्ही पिशवी भरता भरता म्हणायच्या, माझं एक पुस्तक तुमच्याकडे आहे हं. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. पुस्तक समोरच्याच कपाटात, काचेआड. तुम्ही एकदा ते काढून त्यावरची धूळ झटकलीत आणि परत होतं तिथे ठेवलंत. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

आमचे हे गेले तेव्हाचं तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. घर माणसांनी भरलेलं, जो तो हळू आवाजात बोलणारा, आणि मी एखाद्या पाटासारखी भिंतीला टेकून ठेवलेली. तुम्ही आलात, सगळ्यांना कॉफीच्या कामाला लावलंत, दार ओढून घेतलंत आणि पर्समधून एक पुस्तक काढून वाचायला बसलात. एका मेलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोची इतकी भीती असते, की तो भूत होऊनसुद्धा पाय पुसून घरात येतो. मला हसू आलं. नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मी तोंडात पदर कोंबून हसत होते, मग रडत होते, मग परत हसत होते. तुम्ही पान उलटत राहिलात. त्या दिवशी तुम्ही मला माणसांत आणलंत, विहीणबाई. तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

त्याच आठवड्यात मी यांचे कपडे वाटायला काढले होते. तुम्ही चळतीतून एक शर्ट उचललात आणि परत कपाटात अडकवलात. म्हणालात, हा असू दे. मी विचारलं, का? तुम्ही नुसतंच म्हणालात, असू दे. काही न मानणारी बाई तुम्ही. तो शर्ट अजून तिथेच आहे.

आणि मग यंदा, गणपती जाऊन थोडे दिवस झाले असतील, चहा पिऊन जरा पडते असं गौरीला फोनवर म्हणालात आणि उठलाच नाहीत. चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणतात. असेल. मला विचाराल तर कुणाला न सांगता उठून जाणं तुमच्यासारख्या शिस्तीच्या बाईला शोभलं नाही.

तुमची ना असतानाही गौरीनं दहावा केला. मुलगी आहे, तिला करावंसं वाटलं, तेव्हा त्यावरून तिला काही बोलू नका. आम्ही श्रीरंगपट्टणला नदीवर गेलो. मी शिंप्याचं पुस्तक पिशवीत घालून नेलं होतं, कुणाला न सांगता. मला पक्कं वाटत होतं, की कावळा शिवणार नाही. तो झाडावर बसून राहील, गौरी म्हणेल अन्वीला सांभाळीन, प्रसाद म्हणेल घराची काळजी करू नका, तरी तो हलणार नाही. मग मी पुढे होईन आणि म्हणेन, विहीणबाई, पुस्तक परत करते. मग येईल. काय बोलायचं ते मी बसमध्ये मनाशी घोकलं होतं.

पिंड ठेवून गौरी चार पावलं मागे आली असेल नसेल, तोच कावळा आला. इकडे तिकडे बघितलं नाही, कुणाला बोलू दिलं नाही, सरळ येऊन शिवला. गुरुजी म्हणाले, पुण्यवान बाई, काही मागे ठेवलं नाही. सगळ्यांनी हात जोडले. गौरी रडली, पण मोकळी होऊन रडली. मी पिशवी छातीशी धरून उभी, आणि मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू. इतकं पटकन? काहीच नको होतं? इतकी वर्षं मागत होता, ते काय नुसतंच?

हा राग मी महिनाभर पोसला.

दरम्यान दसरा झाला. तुमची पोपटी पिशवी आली, पण गौरीच्या हातून, जयनगरचं घर आवरताना. तिनं ती अन्वीच्या टेबलावर ठेवली. अन्वीनं हात लावला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दुपारची शाळेतून आली की पिशवीकडे पाठ करून बसायची. मुखवटा करायचा नाही, खाली मुलांत जायचं नाही. गौरीला वाटलं, पोर घाबरली. ज्या आजीनं भुतांच्या गोष्टी सांगितल्या तीच गेली, आता तिला आजीची भीती वाटत असेल. असली जुनी पुस्तकं जमवणारे एक गृहस्थ गौरीच्या ओळखीतून निघाले. ते म्हणाले, जपून ठेवीन, सगळी घेऊन जातो. गौरी मला म्हणाली, "अत्ते, ते रविवारी येताहेत. आईचं एक तुमच्याकडे आहे ना, तेही देऊन टाकू या." ती मला अशीच हाक मारते, कानडी पद्धतीनं. तिचं चुकलं नव्हतं. तिला त्या पिशवीकडे बघवत नव्हतं आणि लेकीकडेही.

मी म्हटलं, आधी पोरीला विचारते.

अन्वी गॅलरीत बसली होती. मी शेजारी बसले आणि सरळच विचारलं, की तुला आज्जीची भीती वाटते का, ती येईल म्हणून? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं तुम्ही चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघत असाल.

"आज्जी येणारच नाही," ती म्हणाली.

"का?"

"तिला कुणाचा राग नव्हता. तिचं कुणी काही घेतलं नाही. मग ती कशाला येईल?"

एवढं बोलून तिचा चेहरा वाकडा झाला. इतके दिवस ती एकटी बसून हा हिशेब करत होती, विहीणबाई. सगळी पानं मनात उलटून, कुणी तुमचं काय घेतलंय का ते शोधत होती, आणि तिला काही सापडत नव्हतं. मग मी उठले, कपाट उघडलं आणि पुस्तक आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं हिरवा हात बघितला, कात्री बघितली. पहिलं पान उघडून ओघळलेल्या शाईतलं नाव एकेक अक्षर लावून वाचलं. मी म्हटलं, मी घेतलंय. तुझ्या आईबाबांच्या लग्नात. परत दिलं नाही. तिनं विचारलं, आज्जीला माहीत होतं? मी म्हटलं, दर वर्षी मागायची. तुझ्या पणजोबांनी तिला दिलेलं, सगळ्यांत लाडकं.

मग पुस्तक मिटून तिनं माझ्या हातात दिलं.

"देऊ नकोस. कुणालाच देऊ नकोस."

तेव्हा मला तो शर्ट आठवला. आणि तुम्ही धूळ झटकून परत जागेवर ठेवलेलं हे पुस्तकही. घेऊन जायचं असतं तर तुम्हाला कोण अडवणार होतं? माझा नदीवरचा राग तिथल्या तिथे निवला. कावळ्याला काय कळतंय आपल्यातलं.

रविवारी ते गृहस्थ आले, त्यांना गौरीनं कॉफी पाजून, माफी मागून परत पाठवलं. पिशवी आता अन्वीच्या खोलीत आहे. रोज दुपारी एक पुस्तक चाललंय. ती इंग्रजी वाचते, मी मध्ये मध्ये विचारते, याचं काय घेतलंय. तुमच्यासारखे आवाज तिला अजून काढता येत नाहीत, भाचा आणि शिंपी एकाच आवाजात बोलतात. येईल हळूहळू.

आज संध्याकाळी मुलं येतील. मी चकल्या तळून डबा भरून ठेवलाय. अन्वी म्हातारा शिंपी होणार आहे, पुठ्ठ्याची कात्री कापून तिला चंदेरी कागद लावून झालाय, हाताला हिरवा रंग फासायचं काम माझ्याकडे आहे. चिकपेटला जाऊन तिच्या गळ्यात टाकायला टेप आणली. एकटीनं कॉफी प्यायले. दुकानदारानं विचारलं, दुसऱ्या अक्का कुठे? मी म्हटलं, येतील.

आता तुम्ही म्हणाल, भूत नसतं, विहीणबाई. बरं, नसतं. या एका वादात तुम्ही जिंकलात असं धरून चालू. पण पुस्तक तर आहे ना? तुमच्या वडिलांनी आणलेलं, तुमच्या नावाचं. ते समोरच्याच कपाटात, काचेआड आहे, आणि मी ते परत देणार नाही.